चार बोटं पाणी

सहाला दहा मिनिटं कमी असताना एलेआसार मोनरॉय उठला. घड्याळाच्या गजराची गरज त्याला छत्तीस वर्षांच्या शिक्षकीत कधी पडली नव्हती आणि निवृत्तीनंतरच्या सात वर्षांतही पडली नाही. त्याने अंधारातच सपाता चाचपल्या, लोकरी बंडी चढवली, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि दाराआड उभी असलेली मीटरपट्टी काखेत धरली. ही पट्टी लाकडी होती, फळ्यावर रेषा आखायची. निरोपाच्या दिवशी शाळेने त्याला एक घड्याळ दिलं होतं आणि पट्टी त्याने स्वतःहून उचलून आणली होती. त्याची बायको रेमेदिओस भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती, निदान झोपलेल्या माणसासारखी पडलेली होती. हल्ली तो उठला की तिचा श्वास जरा जास्तच नियमित होतो, असं त्याला वाटे. बत्तीस पायऱ्या चढून तो गच्चीवर आला. लोखंडी जाळीचं कुलूप उघडलं. जाळीच्या आत चार काळ्या टाक्या एकमेकींना नळीने जोडलेल्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी चार कॉक होते, चार घरांचे. पहिल्या कॉकच्या दांडीवर लाल फीत बांधलेली होती. ती त्यानेच बांधली होती. सहाचा ठोका पडायला दोन मिनिटं होती. तेवढ्यात त्याने एका टाकीचं झाकण सरकवून पट्टी सरळ आत सोडली, तळाला टेकू दिली, वर काढली, आणि ओल्या रेषेशी बोट धरून तो तसाच उभा राहिला. रात्री नऊला पंप बंद केल्यावर त्याने पट्टीवर खडूने खूण केली होती. त्या खुणेत आणि ओल्या रेषेत चार बोटांचं अंतर होतं.

त्यातलं एक बोट झोपेतल्या माणसांचं, हे त्याने पूर्वीच धरलं होतं. माणसं रात्री उठतात, म्हातारी माणसं दोनदा उठतात. उरलेली तीन कुणाची? आठ दिवसांपूर्वी या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. तळमजल्यावर, घर क्रमांक एकमध्ये दोमितिला राहते; कोपऱ्यावरच्या खाणावळीचे टेबलक्लॉथ धुऊन इस्त्री करते. एका माणसाचं घर आणि दोरीवर रोज तीस-तीस कापडं. शहरातल्या पोर्तालेस वस्तीच्या या भागात नगरपालिकेचं पाणी मंगळवारी आणि शनिवारी पहाटे येतं, जमिनीखालच्या हौदात साठतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि तेवढ्यावर चार घरांनी आठवडा काढायचा असतो. मार्चअखेरपासून गुरुवारीच टाक्या कोरड्या पडू लागल्या, एप्रिलच्या मध्यावर इमारतीतल्यांची बैठक झाली, त्याने पट्टी दाखवली, खडूच्या खुणा दाखवल्या, दोमितिलाचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाला, ‘पाणी ज्याच्या धंद्याला लागतं, त्याने विचार करावा.’ सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. ठरलं ते असं, की घर क्रमांक एकचा कॉक सकाळी सहा ते सात एवढाच उघडा राहील आणि किल्ली मास्तरांकडे. आज आठवा दिवस. कॉक काल सकाळी सातपासून बंद होता. कुलूप जसंच्या तसं होतं, फितीची गाठ त्याचीच होती. आणि पाणी चार बोटं उतरलं होतं.

त्याने सहाला कॉक उघडला आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर तो तासभर बसून राहिला. शेजारच्या गल्लीतलं हाकारांडाचं झाड निळ्याजांभळ्या फुलांनी भरलं होतं आणि गच्चीच्या कोपऱ्यात त्या फुलांचा सुकलेला चुरा साचला होता. दोमितिलाच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. एका दोरीवर चिमटे ओळीने बसले होते, काही न धरता. त्या रिकाम्या दोऱ्यांकडे पाहताना त्याला समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला असं वाटलं, की ही बाई कुठून तरी पाणी घेतेच आहे आणि दोऱ्या मुद्दाम रिकाम्या ठेवते आहे, आपण बघावं म्हणून. भिंतीतून जाणारी एखादी जुनी नळी असेल. ही इमारत एकोणीसशे पन्नासच्या आसपासची. हिच्या पोटात काय काय असेल कोण जाणे. किंवा दुसरी किल्ली. किल्ली एकदा रेमेदिओसने बनवून आणली होती, हरवली तर असावी म्हणून. ती दुसरी किल्ली कुठल्या खणात आहे? हा प्रश्न मनात येताच त्याला स्वतःचीच थोडी भीती वाटली. पण प्रश्न आला तो आलाच, आणि मांजरासारखा पायापाशी बसून राहिला.

सातला कॉक बंद करून तो खाली उतरला, तर जिन्याच्या तोंडाशी दोमितिला दोन्ही हातांत बादल्या घेऊन उभी. साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली.

‘या, त्लालोकमहाराज!’ ती म्हणाली. जुन्या पर्जन्यदेवाचं हे नाव तिने त्याला पहिल्याच दिवशी ठेवलं होतं. ‘आज तीन मिनिटं आधीच आभाळ बंद केलंत.’

‘सातला बंद केलं, बाई.’

‘माझं घड्याळ तीन कमी म्हणतंय.’

‘माझं बरोबर आहे.’

‘ते तर नेहमीच असतं, मास्तर. जन्मभर प्रश्नही तुमचेच आणि उत्तरंही तुमचीच. आम्ही आपल्या वही घेऊन उभ्या.’ ती हसली. बादल्या तिने खाली ठेवल्या नाहीत. ‘खाणावळवाल्याने निम्मी कापडं काढून घेतली, कळलं का? उरलेली निम्मी बहिणीकडे नेते मी, दोन बस बदलून. तिथेही पाणी नाही, पण तिथे निदान कुणी पट्टी घेऊन उभं राहत नाही.’

‘निर्णय बैठकीचा आहे.’

‘हो हो. बैठकीचा.’ ती वळली आणि बादल्यांकडे पाहत आणखी काहीतरी बोलली. ते त्याला कळलं नाही. गेली तीन-चार वर्षं हे असंच होत होतं: माणसं समोर असताना नीट बोलत, आणि पाठ वळली की त्यांच्या शब्दांच्या कडा झिजून जात, स, श, च यांसारखी अक्षरं गळून पडत आणि उरे तो एक मऊ, गुळगुळीत गुणगुणाट. कानांबद्दल त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही स्पष्ट असं सांगितलं नव्हतं. आपल्यामागे लोक आवाज लहान करून बोलतात, असाच त्याचा निष्कर्ष होता. जिन्यात, दुकानात, आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा. आणि आवाज लहान करून बोलणाऱ्या माणसांना काहीतरी लपवायचं असतं, हे कुठल्याही शिक्षकाला वर्गाच्या मागच्या बाकांवरून ठाऊक असतं.

घर क्रमांक तीनमध्ये, आपल्या घरात, शिरला तेव्हा रेमेदिओस दालचिनी घातलेली कॉफी गाळत होती. टेबलावर कालचा पाव भाजून ठेवला होता, बीन्सची वाटी होती. ‘किती?’ तिने विचारलं, पट्टीकडे पाहून.

‘चार बोटं.’

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कॉफीकडे. तिचं हे पाहणं हल्ली त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं. एखाद्याने हिशेबात चूक केली आहे आणि ती तो स्वतः शोधतो का, याची वाट बघत आपण बाकाशेजारी उभं राहावं, तसं. त्याला ते आवडलं नाही. तो हात धुवायला न्हाणीघरात गेला. दिवा लावला. आणि दिवा लावल्यावर, नळाकडे वळण्याआधी, अगदी सहज, त्याची नजर कमोडच्या भांड्यात गेली. तळाच्या पाण्यात छताच्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि ते थरथरत होतं.

तो तसाच उभा राहिला. फ्लश कुणी ओढला नव्हता. रेमेदिओस आत येऊन गेल्याला अर्धा तास तरी झाला असेल. ट्रक जाताना इमारत हादरते तेव्हा पाणी हलतं, पण ते थांबतं. हे थांबत नव्हतं. पिवळ्या दिव्याचा तो लहानसा गोल फुटत होता, जुळत होता, पुन्हा फुटत होता, तापाने शहारलेल्या कातडीसारखा. त्याने वाकून भांड्याच्या मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. पाण्याचा एक पातळ पदर, काचेसारखा, दिसूही नये असा, तिथून खाली सरकत होता. बोट ओलं झालं. मग त्याने वर टाकीत जाणाऱ्या नळीभोवती तळहात मिटला. नळी गार होती, घामेजलेली होती, आणि तिच्यात काहीतरी जिवंत होतं. एक बारीक, अखंड कंप होता. तो हातातून मनगटात आला, मनगटातून कोपरात. कानाला काहीच नव्हतं. त्याने कान टाकीच्या चिनीमातीला टेकला, तरीही काही नाही. आणि तळहात मात्र सांगत होता की इथून पाणी चाललं आहे, आत्ता चाललं आहे, थांबलेलंच नाही.

त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे कुणीतरी केलं आहे. पुढे कितीतरी दिवस त्याला या पहिल्या विचाराची लाज वाटत राहिली. पण तो आला तो असा, तयार, नीट शिवलेला. गेल्या सोमवारी गॅसवाला सिलिंडर बदलायला आला होता आणि हात धुवायला आत गेला होता. गॅसवाला दोमितिलाकडेही जातो. ती त्याला लिंबूसरबत देते. किंवा दोमितिला स्वतः. तीन आठवड्यांपूर्वी रेमेदिओसला बरं नव्हतं तेव्हा ती सूप घेऊन आली होती, तासभर बसली होती, आणि तो नेमका बाहेर होता. सूप चांगलं होतं. चांगल्या सुपाचासुद्धा संशय येऊ शकतो, हे त्या क्षणी त्याला नवल वाटण्यासारखं वाटलं नाही. कारण पाणी आपल्या घरातून गेलं की खुणा आपल्या अंगावर येणार, पट्टी आपल्यावर उलटणार. हे एखाद्या धूर्त माणसाचंच काम. त्याने टाकीचं जड झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर ठेवलं, बोटांचे ठसे वगैरे काही दिसतात का हे पाहावं इतक्या काळजीने.

आत बाटली होती.

दीड लिटरची प्लास्टिकची बाटली, पाणी आणि खाली चार बोटं वाळू भरलेली, झाकण घट्ट. ती उभी असायला हवी होती. ती कुशीवर कलली होती आणि तिचा खांदा बॉलकॉकच्या दांड्यावर टेकला होता. दांड्याच्या टोकाचा तांब्याचा गोळा पाण्याबरोबर वर येऊ पाहत होता आणि बाटली त्याला शेवटचं बोटभर वर येऊ देत नव्हती. तेवढ्या एका बोटासाठी नळ मिटत नव्हता. आणि पाणी मधल्या उभ्या नळीच्या काठापर्यंत चढून, काठावरून आत, एकही थेंब न उडवता, निमूटपणे खालच्या भांड्यात उतरून जात होतं.

ही बाटली त्यानेच ठेवली होती. चारही घरांत बाटल्या त्यानेच ठेवायला लावल्या होत्या. फ्लशच्या टाकीत भरलेली बाटली ठेवली की दर वेळी तेवढं पाणी वाचतं. पूर्वी लोक वीट ठेवत, पण विटेचा चुरा होतो, म्हणून बाटली. त्याने आर्किमिडीज समजावून सांगितला होता, जिन्यात उभं राहून, चार कुटुंबांना. दोमितिला तेव्हा म्हणाली होती, ‘म्हणजे टाकीला खोटं खोटं पोट भरवायचं, तसंच ना? माझी आई आम्हाला तसंच करायची, मास्तर, जेवणाआधी पाणी पाजून.’ सगळे हसले होते, तोही. इतरांकडे अर्ध्या लिटरच्या बाटल्या होत्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कुणी न सांगता, आपण जास्त वाचवावं म्हणून, त्याने स्वतःच्या टाकीत दीड लिटरची ठेवली. ती बसवताना जरा दाबावी लागली होती. दाबल्यावर बसली. त्याला आता ते दाबणं हातात आठवलं. प्लास्टिकचा तो किंचित विरोध, आणि मग त्याचं मुकाट होणं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. ऐंशी रात्री. टाक्या मार्चअखेर कोरड्या पडू लागल्या, कारण मार्चमध्ये शहराने पाणी कमी केलं. तोवर त्याची गळती कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती.

त्याने बाटली उचलून काढली. दांडा सुटला, गोळा वर आला, आणि नळीवर ठेवलेल्या त्याच्या हाताला कंप मंदावल्याचं जाणवलं. पण मंदावला, थांबला नाही. दिव्याचा गोल अजून हलतच होता, आता दमल्यासारखा. त्याने खालचा लहान कॉक बंद केला, बॉलकॉक उघडला, आतला रबरी वायसर नखाने काढला. वायसरवर एक चर पडला होता, एका बाजूला, केसाएवढा बारीक आणि सरळ. पट्टीने आखावा तसा.

‘कॉफी निवतेय, म्हाताऱ्या,’ रेमेदिओस बाहेरून म्हणाली.

‘वायसर आणायचाय,’ तो म्हणाला. तिने कसला म्हणून विचारलं नाही. हेही त्याच्या लक्षात आलं, पण दारातून बाहेर पडल्यावर.

निकान्द्रोच्या हार्डवेअरच्या दुकानात रॉकेलचा आणि चुन्याचा वास असे आणि निकान्द्रो सत्तरीच्या गिऱ्हाइकालाही तरुण म्हणे. ‘बोला, तरुण! काय देऊ?’

‘बॉलकॉकचा वायसर.’

‘मेलेला आणलाय ना?’ इथे जुना भाग आणल्याशिवाय नवा मिळत नसे. मापाच्या भानगडीपेक्षा प्रेत बरं, असं निकान्द्रोचं म्हणणं. एलेआसारने खिशातून काढून काउंटरवर ठेवला. निकान्द्रोने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि शीळ घातली. ‘अरे बापरे. हा म्हातारपणाने गेलेला नाही. याच्यावरून पाणी रात्रंदिवस वाहिलंय. दोन महिने, जास्तच. हा चर बघा. कुणाच्या घरचा?’

‘मेव्हणीच्या,’ एलेआसार म्हणाला.

शब्द इतका सहज आला की जणू मेव्हणी कोपऱ्यावर उभीच होती. त्याला मेव्हणी होती, पण ती व्हेराक्रूसला राहते.

‘मग मेव्हणीला सांगा, तुझे शेजारी संत आहेत. आमच्या आळीत असं केलं असतं ना, तर बायकांनी तिला तिच्याच हौदात बुडवलं असतं.’

‘बुडवायला पाणी उरलं असतं तर!’ मागून कुणीतरी म्हणालं आणि हसलं. तो बाल्तासार होता, वरच्या मजल्यावरचा, घर क्रमांक चार. एका वकिलाच्या कचेरीत कारकून, पण शर्टाची बटणं वकिलाच्या थाटाची. दिव्याचा बल्ब घ्यायला आला होता. त्याने एलेआसारच्या खांद्यावर हात ठेवला. ‘मास्तर, बरे भेटलात. संध्याकाळी सहाची बैठक. मी कारागीर सांगून ठेवलाय. कॉक उघडा, कॉक बंद करा, हे पोरखेळ पुरे झाले. सरळ पाइपच कापायचा आणि टोपण बसवायचं. तिने मग प्यायचं पाणी बादलीने न्यावं.’

‘कापायचा?’

‘काल पुन्हा उतरलं ना पाणी? मग! बाईने कुठून तरी जोड घेतलाय. भिंतीतून.’ हा विचार सकाळी एलेआसारच्या डोक्यात जसा आला होता तसाच, त्याच शब्दांत, दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येत होता. उघड्या रस्त्यावर आपलं बनियन दुसऱ्याच्या अंगावर दिसावी तसं त्याला झालं. ‘तुम्ही फक्त पट्टी घेऊन या. तुमच्या पट्टीपुढे कोण बोलणार?’

‘हो,’ एलेआसार म्हणाला. निकान्द्रोने नवा वायसर कागदात गुंडाळून दिला. जुना त्याने परत मागून घेतला.

परत येताना तो चालत नव्हता, मोजत होता. वायसर बसवायला पाच मिनिटं. मग गळती थांबेल. संध्याकाळी पाइप कापला जाईल. उद्या पहाटे पट्टी टाकीत सोडली की ओली रेषा खुणेपासून फक्त एक बोट खाली असेल, झोपेतल्या माणसांचं एक बोट. सगळे म्हणतील, बघा. काल पाइप कापला आणि आज पाणी टिकलं. याहून स्वच्छ सिद्धता त्याने फळ्यावर कधी मांडली नव्हती. खोटं एक अक्षरही बोलावं लागणार नव्हतं, पट्टी बोलेल. आणि दोमितिला बहिणीकडे जाईल, आधी कापडं घेऊन, मग भांडी घेऊन, आणि एके दिवशी तळमजल्याच्या दारावर भाड्याने देण्याची पाटी लागेल. त्याला काहीच करायचं नव्हतं. सगळ्यात भयंकर गोष्ट हीच होती, की त्याला काहीच करायचं नव्हतं.

एलोदिया नावाची एक मुलगी होती. हे नाव त्याच्या मनात कितीतरी वर्षांनी आलं, आणि आलं ते पूर्ण चेहऱ्यासह, गालावरच्या देवीच्या व्रणासह. शाळेचा पितळी कंपास हरवला होता, जर्मन बनावटीचा, मखमली पेटीतला. त्या दिवशी वर्ग झाडायची पाळी तिची होती. त्याने आरोप केला नाही. तेव्हाही केला नव्हता. त्याने फक्त सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, ‘काल शेवटी वर्गात कोण होतं?’ आणि माना वळल्या होत्या. ती सहामाहीनंतर शाळेत आली नाही. वडिलांची बदली झाली असं कुणी म्हणालं. वसंतात त्याच्या कातडी बॅगेचं अस्तर उसवलं, रेमेदिओसने ते शिवायला घेतलं, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी, पितळी कंपास ठेवलेला होता. ती काही बोलली नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कंपास मखमली पेटीत नेऊन ठेवला आणि पेटी कपाटात. त्या रात्री मीठ कुणीच घेतलं नाही, एवढं त्याला आठवत होतं.

त्याने वायसर बसवला. त्याचे हात स्थिर होते. हातांना काम दिलं की ते मनाचं ऐकत नाहीत. बॉलकॉक जोडला, दांडा जरासा वाकवून गोळा खाली आणला, खालचा कॉक उघडला. टाकी भरू लागली. गोळा हळूहळू वर आला, शेवटचं बोटभरही वर आला. त्याने तळहात नळीवर ठेवला. कंप होता, होता, आणि मग नव्हता. भांड्यातल्या पाण्यात दिवा संपूर्ण गोल होऊन थांबला. तरीही त्याचा विश्वास बसेना.

‘रेमे,’ त्याने हाक मारली. ‘जरा ये. थांबलं का?’

ती दारात आली. ओले हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसत तिने मान थोडी तिरपी केली. ऐकलं.

‘थांबलं,’ ती म्हणाली. मग, थोड्या वेळाने, ‘किती शांत वाटतंय.’

त्याला समजायला एक क्षण लागला. ‘तुला ऐकू येत होतं?’

‘रात्री तर फारच. उशी कानावर घेऊन झोपायचे मी.’

‘कधीपासून?’

‘तू मोठी बाटली घातलीस तेव्हापासून असेल.’

‘मग बोलली का नाहीस? बैठकीत मी पट्टी घेऊन उभा होतो, तू समोर बसली होतीस, रेमे! एवढा नळ चालला होता आणि तू—’

‘मला वाटलं, तुला माहीत आहे.’

ती हे शांतपणे म्हणाली, ताट कुठे ठेवलं ते सांगावं तशी. तिच्या आवाजात टोचणी असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सकाळच्या त्या पाहण्याचा अर्थ त्याला आता लागला. ती वाट बघत नव्हती. तिने वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. ऐंशी रात्री ती अंधारात पाण्याचा आवाज ऐकत एका अशा माणसाशेजारी पडून होती, ज्याला, तिच्या समजुतीने, तो आवाज येत आहे आणि जो तरीही पहाटे उठून दुसऱ्या बाईचा कॉक बंद करायला जातो. आणि त्या माणसासाठी तिने सकाळी दालचिनी घालून कॉफी केली होती. गॅसवाल्यावर, सुपावर, भिंतीतल्या नळीवर, तिने बनवून आणलेल्या किल्लीवर त्याने संशय घेतला. ज्याच्याबद्दल संशय घ्यावा असा माणूस घरात एकच होता, आणि त्याच्याबद्दल तिला संशयसुद्धा नव्हता, खात्री होती.

‘मला ऐकू येत नाही, रेमे,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘बारीक आवाज. शिट्टी, पाणी. तू पाठ फिरवून बोललीस की तेही. तीन-चार वर्षं झाली.’

जवळ येऊन तिने त्याच्या कानाला हात लावला, ताप बघतात तसा, हाताच्या मागच्या बाजूने. ‘मूर्ख म्हाताऱ्या,’ ती म्हणाली, आणि हे ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, म्हणून त्याला सगळं नीट ऐकू आलं. ‘आणि मी देवाला विचारत होते, की याला झोप तरी कशी लागते.’

तिने त्याला काय कर असं सांगितलं नाही. स्वयंपाकघरात गेली, आणि भांड्यांचा आवाज होऊ लागला. जाड आवाज, जो त्याला ऐकू येई. तो टाकीवर झाकण ठेवून थोडा वेळ न्हाणीघरातच उभा राहिला. पट्टी दाराशी होती. बैठक सहाला होती, अजून सात तास होते, आणि सात तासांत माणसाला पुष्कळ कारणं सुचतात हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत थांबलो तर आपण ‘एक तांत्रिक बिघाड आढळला’ असं म्हणू. ते वाक्य त्याच्या तोंडात आधीच गोळा होऊ लागलं होतं, कर्ता नसलेलं, गुळगुळीत. त्याने किल्ली घेतली.

गच्चीवर ऊन चढलं होतं. त्याने जाळी उघडली, पहिल्या कॉकवरची लाल फीत सोडली. गाठ आठ दिवसांत घट्ट झाली होती. दातांनी सोडावी लागली. कॉक पूर्ण उघडला. फीत खिशात टाकली. खाली उतरताना तळमजल्याच्या भिंतीपाशी थांबला, जिथे काचेच्या चौकटीत त्याच्या वळणदार अक्षरातली सूचना लावलेली होती: घर क्रमांक एक, सकाळी सहा ते सात. त्याने टाचणी काढून कागद उतरवला, भिंतीवर धरला, आणि त्याच्या खाली, त्याच अक्षरात, लिहिलं:

पाणी घर क्रमांक तीनमधून जात होतं, फेब्रुवारीपासून. आज दुरुस्त केलं. एक नंबरचा कॉक उघडला आहे, तो आता बंद होणार नाही. एलेआसार मोनरॉय.

लिहिलेलं त्याने एकदा वाचलं, शुद्धलेखनासाठी. मग कागद होता तिथे टाचला. टाचणीशेजारी चौकटीच्या कडेवर त्याने तो चर पडलेला वायसर ठेवला, ज्याला पाहायचा असेल त्याने पाहावा म्हणून.

दोमितिलाचं दार चार पावलांवर होतं. दारात दोन्ही बादल्या उलट्या, वाळत ठेवलेल्या. गच्चीची किल्ली त्याने दाराच्या कडीत अडकवून निघून जावं, हे सोपं झालं असतं, आणि त्याचा हात कडीपर्यंत गेलाही होता. तो मागे घेतला. किल्ली मुठीत धरून त्याने दार ठोठावलं. काही ऐकू आलं नाही. आत कुणी आहे की नाही, आत कुणी काय म्हणालं, नळ आला म्हणून ओरडलं की त्याला शिवी दिली, काहीच कळेना. त्याने दाराच्या लाकडावर तळहात टेकला. थोडा वेळ लाकूड नुसतं लाकूडच होतं. मग तळहाताला कंप जाणवला, दुरून येणारा, जड, एकामागून एक. पावलं होती ती. त्याने हात काढला, टोपी उतरवली, आणि सरळ उभा राहिला.